मिशी जागेवर आहे

४ मे, रविवार

आज हरदासच्या दुकानात शेवटचं पाऊल ठेवलं. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मन पातळ झालं तर ही वही स्वतःच्याच नाकासमोर धरता येईल.

पस्तीस वर्षं दर तिसऱ्या रविवारी सकाळी आठला मी त्या खुर्चीत बसलो. हरदासला काही सांगावं लागत नसे. वर अर्धा इंच, मागे पाव इंच, कान मोकळे. रेल्वे वर्कशॉपात जन्मभर ड्रॉइंगं काढणाऱ्या माणसाचे केस असावेत तसे. आता हरदास बरुआसागरला गावी जाऊन बसलाय आणि दुकान त्याच्या मुलाच्या, निशांतच्या हातात. काचेचं दार, एसी, भिंतभर आरसे. मी आत गेलो तर म्हणतो, "अंकल, अपॉइंटमेंट है?"

केस कापायला अपॉइंटमेंट! ऑपरेशन करणार आहेस का रे माझं?

चाळीस मिनिटं बसवलं. मग खुर्चीत घेतलं, मोबाइलवर माझ्या डोक्याचा मागून फोटो काढला आणि माझ्यासमोर धरला. "पीछे तो मैदान साफ है अंकल। कहो तो ज़ीरो मार दें, झंझट खतम।" दुकानातली सगळी पोरं फिदीफिदी हसली. मी गळ्यातलं कापड काढून त्याच्या हातात दिलं आणि चालता झालो. एकसष्टाव्या वर्षी हे ऐकायला रिटायर झालो काय?

देविका म्हणाली, "अहो, पोर आहे, बोलून गेलं." बायकोने नवऱ्याची बाजू घ्यायची असते हे हिला तेहतीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.

ठरलं. यापुढे माझे केस मी घरी कापणार. पडवीतून नाना ओरडले, "उंबऱ्याच्या आत कात्री लावायची नाही!" अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आमच्या वडिलांना औषधाची वेळ झाली म्हटलेलं ऐकू येत नाही, हे मात्र बरोबर ऐकू आलं.

८ मे, गुरुवार

केस कापायचं मशीन आलं. त्याच्यावर बसवायचे प्लास्टिकचे कंगवे आहेत, एक ते आठ नंबरचे. कुठला नंबर म्हणजे किती मिलिमीटर, हे सोबतच्या कागदावर धड लिहिलेलं नाही. शेवटी मीच मोजले. चार नंबर अर्ध्या इंचाचा म्हणतात, भरला तेरा मिलिमीटरच्या वर. असल्या लोकांना आमच्या वर्कशॉपात कुणी दारात उभं केलं नसतं.

मी मोजत होतो आणि नाना बघत होते. म्हणाले, "पुढचं कापशील. मागचं तुला कसं दिसणार? सलीलला बोलाव, तो कापून देईल."

झालं. सकाळी सकाळी सलील.

सलील माझा धाकटा भाऊ. बबीन्याला शाळेत मास्तर आहे. इथून बस पाऊण तासात पोचते. तीन वर्षं झाली, या घराची पायरी त्याने चढलेली नाही. का? तर आईच्या वेळी मी त्याच्यासाठी थांबलो नाही म्हणून! आई सकाळी गेली. हे साहेब शाळेची पोरं घेऊन खजुराहोला. मी फोनवर फोन केले, लागला नाही. गुरुजी म्हणाले, सूर्यास्ताच्या आत उरकायला हवं. वीस माणसं दारात उभी. मी करायचं काय होतं? कुणाकडून तरी कळून तो रात्री आठला आला आणि अंगणात उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, आई माझीपण होती." दहाव्यालाही आला नाही. ओरछ्याला बेतवेवर जाऊन एकट्याने सगळं केलं म्हणे. नंतर मोबाइलवर हे एवढं लांबलचक लिहून पाठवलं. मी चार ओळी वाचल्या आणि त्याचा नंबर ब्लॉक केला. देविकाच्या मोबाइलवरही तेच केलं, वर तिला शपथ घातली, आपण फोन करायचा नाही. चूक त्याची, तर पहिला फोन त्याने करावा.

देविका म्हणते, "ब्लॉक केलेल्या माणसाने फोन करायचा कसा?"

ज्याला यायचं असतं तो चालत येतो.

नाना मात्र आज हट्टाला पेटले. "मला त्याला एकदा बघायचंय, आशुतोष. मी मेल्यावर येईलच तो. पण तेव्हा मी काय बघणार?" मी म्हटलं, दार उघडं आहे, मी कुणाला अडवलेलं नाही. त्यावर नाना तोंड फिरवून बसले. जणू दोषी मीच!

११ मे, रविवार

पहिली कापणी. मागच्या अंगणात, न्हाणीघराच्या ओट्यावर. समोर एक आरसा, मागे खुंटीला दुसरा. पुढचं आणि कानावरचं असं झालं की हरदासने बघावं. मागचं आरशात उलटं दिसतं, हात डावीकडे न्यावा तर उजवीकडे जातो. देविका म्हणाली, "द्या इकडे, मी करते." मी म्हटलं, नको. एकदा दुसऱ्याच्या हातात डोकं दिलं की तो त्याचा फोटो काढतो.

मागे थोडी पायरी राहिली आहे. शर्टाची कॉलर वर केली की दिसत नाही.

१८ मे, रविवार

हात दाखवून अवलक्षण.

पायरी काढायला बसलो. कॉलर किती दिवस वर ठेवणार, ऊन चव्वेचाळीस डिग्री. मशीन कानामागून वर नेलं आणि टक् असा आवाज झाला. कंगवा निसटून खाली पडला. मशीन माझ्या हातात तसंच चालू, नुसतं पातं. कानामागून थेट टाळूपर्यंत गुळगुळीत पट्टा! रेल्वेने नवीन लाइन टाकावी तसा.

देविका हसली. आधी पदर तोंडाला लावून, मग उघड उघड. सोबतीला नाना. बापाने हसावं!

एका पट्ट्यासाठी काय करता येतं? काही नाही. सगळं उतरवलं. जे त्या निशांतने सुचवलं म्हणून मी दुकानातून उठून आलो, तेच स्वतःच्या हाताने केलं. आरशात बघवत नाही. ही गोष्ट त्या दुकानापर्यंत पोचली नाही म्हणजे मिळवली.

१९ मे, सोमवार

सकाळी दूधवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि कॅन खाली ठेवला. "काय भैया, बब्बा नईं रये का? कबे?"

मला आधी कळलंच नाही. मग एकदम डोक्यात उजेड पडला. घरात म्हातारा माणूस आणि थोरल्या मुलाचं डोकं साफ, म्हणजे काय समजणार लोक? मी म्हटलं, अरे, बब्बा आत चहाची वाट बघतायत, दूध दे! त्याने दूध दिलं, पण पैसे घेतले नाहीत. दुःखाच्या घरी घेत नाही म्हणे.

दुपारी शेजारच्या तिवारी भाभींनी खिचडीचं पातेलं पाठवलं, सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. मी परत पाठवणार होतो, तोवर नाना जेवायला बसलेसुद्धा. "चांगली केलीय. कोण गेलं?"

"तुम्ही," मी म्हटलं.

नाना इतके हसले की ठसका लागला. मग हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "लोकांना खरं वाटतंय?"

वाटतंय म्हणजे काय! पिंपळाखालच्या शर्मांनी तर मला मिठी मारली.

२१ मे, बुधवार

कंटाळा आला या गावाचा. सकाळपासून सात जण. प्रत्येकाला मी एकच गोष्ट दाखवतो: मिशी! मिशी जागेवर आहे ना? आमच्यात बाप गेला तर मिशीसुद्धा उतरवतात. नुसतं डोकं बघून निष्कर्ष कसले काढता? यावर पोस्टातले निवृत्त सक्सेना मला काय म्हणाले असतील? "अब कहाँ कोई पूरा विधि-विधान मानता है भाईसाहब। जितना हो सके उतना ठीक।" म्हणजे बाप मेलाय, आणि मी अर्धवट सुतक पाळणारा नालायक मुलगा!

संताप संताप झाला. मी त्यांचा हात धरून त्यांना घरात आणलं आणि पडवीत नानांसमोर उभं केलं. सक्सेनांनी पटकन पाया पडून घेतलं. नाना म्हणाले, "जीते रहो."

देविका रात्री म्हणाली, "ही बातमी बबीन्यापर्यंत गेली तर? सलील भावजींना एक फोन करा. नाहीतर मला तरी करू द्या." मी म्हटलं, बबीन्याला काय पडलंय? शपथ म्हणजे शपथ. तिने दिवा मालवला. तिचं हे दिवा मालवणं मला पाठ आहे. तिला वाटतं मी दगड आहे. मी त्या दिवशी दोन-तीनदा फोन केला होता, हे कुणी लक्षात घेत नाही.

२३ मे, शुक्रवार

कूलरची खस, म्हणजे वाळ्याची पट्टी, बदलायला माणूस आला. रघुनाथ नावाचा, नवा. बबीन्याहून मोटरसायकलवर येतो. त्याला पडवीत कामाला लावून मी मागे मशीन घेऊन बसलो. टक्कलही सारखं ठेवावं लागतं. खुंट वाढतात ते एका बाजूला दाट, एका बाजूला विरळ.

पडवीतून आवाज आला, "कौन शांत हो गए, बाबूजी?"

आणि नाना अगदी खणखणीत म्हणाले, "इस घर का बुड्ढा। और कौन।"

माझा हात जागच्या जागी थांबला. असल्या गोष्टींची चेष्टा करतात? उठून जाणार होतो, पण अर्धं डोकं झालेलं. नाना त्याला विचारत होते, बबीन्यात कुठे राहतोस, मुलं कुठल्या शाळेत जातात. मी मशीन पुन्हा सुरू केलं, पुढचं ऐकू आलं नाही.

एका खसपट्टीला तासभर लावला पठ्ठ्याने. नानांनी त्याला दोनदा चहा पाजला. घरच्यांशी दोन वाक्यं बोलायची मारामार, आणि खसवाल्याशी गप्पा! जाताना त्याने मला हात जोडले. "हिम्मत रखिए भैया जी। मास्साब को आज ही बोल देंगे।" मास्साब कोण, काय बोलणार, कुणास ठाऊक. त्याच्या दुकानाचा मालक असेल. मी म्हटलं, उनको बोलो खस पतली दी है.

नानांना झापलं. म्हटलं, स्वतःच्या तोंडाने स्वतःचं मरण सांगता? शोभतं का? ते म्हणाले, "खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं." आणि डोळे मिटून पडले.

२५ मे, रविवार

नानांना काय झालंय कळत नाही. काल सकाळी स्वतः उठून आंघोळ केली. धुतलेलं धोतर मागितलं, टोपी मागितली. खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवायला लावली आणि त्या झळांमध्ये दिवसभर बसले. आजही तेच. लू लागेल म्हटलं तर म्हणतात, "लागू दे." देविकाला सांगितलं, आमरस कर, भरपूर कर. तीन माणसांना दोन किलो आंबे? मी विचारलं तर म्हणे, "लागतील."

म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण म्हणतात ते खरंच. करणाऱ्याने करत राहावं. थोरल्याने रोज गोळ्या द्यायच्या, पाय चेपायचे, आणि नाव कुणाचं घेणार? धाकट्याचं. मला राग येतो. लपवून काय करू? तीन वर्षांत नानांनी माझ्यासाठी एकदा तरी खुर्ची रस्त्याकडे वळवली असेल का?

एक बरं, भेटायला येणारे आटले. मोबाइलही दोन दिवस अगदी गप्प आहे.

२६ मे, सोमवार



अकराच्या सुमाराला फाटक वाजलं. मी बघितलं आणि क्षणभर ओळखलंच नाही. पांढरं धोतर, अनवाणी पाय, खांद्यावर पिशवी, त्यातून दर्भ बाहेर आलेला. डोकं साफ. मिशी साफ. मिशी नसल्यावर त्याचा वरचा ओठ आईसारखा दिसतो, हे मी विसरलो होतो.

सलील.

दोन दिवस खुर्ची अडवून बसलेले नाना नेमके तेव्हाच न्हाणीघरात.

"शुक्रवार रात्रीपासून फोन करतोय, दादा," सलील म्हणाला. "एकतीस फोन केले. एक उचलला नाहीस. आईच्या वेळी केलंस, मी गिळलं. आता नानांच्या वेळीही तेच? मला खसवाल्याकडून कळावं? उद्या दहावा तरी करू देशील, की तोही उरकलास?"

ज्या माणसासाठी तीन वर्षं एकेक वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं, तो समोर उभा आणि माझं तोंड उघडंच. मी मिशीवर हात ठेवला. खरंच, दुसरं काही सुचलं नाही.

तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला. नाना धोतराचा सोगा सावरत पडवीत आले.

सलीलच्या खांद्यावरची पिशवी खाली पडली. तीळ सांडले. तो फाटकातच, तापलेल्या फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. नाना त्याच्याजवळ गेले, वाकून नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, "मिशी कशाला काढलीस? बरी दिसत होती."

"नाना, तुम्ही... तो रघुनाथ म्हणाला..."

"मीच सांगितलं त्याला. मी मेल्याशिवाय तू येणार नव्हतास. म्हटलं, मग आधीच मरून घेऊ."

तेव्हा मला खसवाल्याचा मास्साब कळला: मास्तरसाहेब, म्हणजे सलील. आणि असा संताप आला, असा संताप आला! मी नानांवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, ही काय थट्टा झाली? तीन दिवस तो सुतकात अळणी जेवतोय, उन्हात अनवाणी आलाय, त्याचं काही झालं असतं तर? सलीलही उठून ओरडायला लागला. "दादा बरोबर बोलतोय! असं करतात का कुणी बापाच्या मरणाचं!"

नाना काठीवर रेलून आम्हा दोघांकडे बघत राहिले. "ओरडा," म्हणाले. "तीन वर्षांनी एका बाजूने बोलताय."

देविकाने पानं वाढली. आमरस पुरला नाही. जेवताना सलीलने माझ्याकडे न बघता विचारलं, "फोन का उचलला नाहीस?" मी खरं सांगितलं, नंबर ब्लॉक आहे. त्याने मान हलवली. मग म्हणाला, "आणि आईच्या वेळी तू मला किती फोन केले होतेस?"

"फोनवर फोन केले," मी म्हटलं.

तो पाणी प्यायला. देविकाने माझ्याकडे बघितलं आणि उठून आत गेली.

आता तो पडवीत नानांच्या खाटेशेजारी झोपलाय, उद्या सकाळच्या बसने जातो म्हणाला. मी मोबाइल उघडून तो नंबर मोकळा केला. ब्लॉक केलेले फोन वेगळे दिसतात, हे मला ठाऊक नव्हतं. रात्री एक. सव्वाएक. दोन. पहाटे चार. एकतीस आहेत, मी मोजले.

मी एकदा केला होता. फोनवर फोन नाही, दोन-तीनदा नाही. एकदा. या वहीतही मी खोटं लिहिलं. घंटा पुरी वाजायच्या आत मी तो बंद केला, कारण त्याने उचलला असता तर म्हणाला असता, थांब. आणि मला थांबवत नव्हतं. आईला तशी जमिनीवर ठेवलेली मला बघवत नव्हती. सगळं लवकर संपावं असं वाटत होतं. त्याला ती शेवटची बघायची असेल, हा विचार मनात आला होता, आणि मी तो बाजूला सारला.

२७ मे, मंगळवार

सकाळी सलील बॅग भरत होता. बॅग कसली, ती दर्भाची पिशवी. मी मागून बघितलं तर डोक्यावर जागोजागी खुंटांचे पुंजके. कानामागे सगळं तसंच. ओरछ्याच्या घाटावर बसलेल्या कुणीतरी घाईत उरकलेलं. मला असलं बघवत नाही.

"हे डोकं घेऊन शाळेत जाणार आहेस? बस ओट्यावर."

"नको, बस चुकेल."

"दर अर्ध्या तासाला बस आहे. बस म्हणतो ना!"

बसला. मग आठवलं. मी म्हटलं, अरे, आज मंगळवार, वर अमावस्या, केस कापत नाहीत. पडवीतून नाना ओरडले, "मेलेल्या माणसाच्या घरी कसला वार! करा!"

मी पाठीमागे उभा राहिलो. एक नंबरही नाही, नुसतं पातं. डाव्या हाताने त्याचं डोकं धरलं. कपाळ तापलेलं होतं, कालच्या उन्हाने असेल. दुसऱ्याच्या डोक्याची मागची बाजू किती सरळ दिसते. उजवीकडे न्यावं तर हात उजवीकडेच जातो. मी हळूहळू करत होतो. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता आणि माझा त्याला. कानामागचं झालं, मानेवरचं झालं. आता संपणार, मग तो उठणार, बस पकडणार, आणि पुढच्या वेळी खरोखरच कुणीतरी गेल्यावर येणार.

मशीन घरघरत होतं. मी म्हटलं, "सलील, मी त्या दिवशी तुला एकदाच फोन केला होता. तोही पुरा वाजू दिला नाही."

तो हलला नाही. ऐकू गेलं नसावं असं वाटलं, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

मग तो मान न वळवता म्हणाला, "दादा, ते बंद कर. पुन्हा सांग."

मी मशीन बंद केलं आणि पुन्हा सांगितलं.